चादरीची पिशवी

लेकीचा फोन आला तेव्हा मी भाजणी भाजत होते. नॉर्वेला येताना काय काय आणायचं याची यादी ती सांगत होती आणि मी उलथनं हलवत नुसतं "हं, हं" करत होते. मेतकूट, गोडा मसाला, कपाटातला तिचा जुना रेनकोट. आणि मग म्हणाली, "आई, दोन चादरीच्या पिशव्या शिव. सुती, हलक्या. एका बाजूनं उघड्या."

"कसली पिशवी?"

"आत शिरून झोपायची."

मला वाटलं थट्टा करतेय. थट्टा नव्हती. तिकडे स्वस्तात राहायचं तर पलंग मिळतो, गादी मिळते, उशी आणि रजई मिळते. चादर मात्र आपली. नसेल तर भाड्यानं घ्यायची, आणि ते भाडं ऐकून मी गॅस बंद केला. त्या पिशवीला तिथं 'लाकनपोसे' म्हणतात. डोंगरातल्या झोपड्यांमध्ये तर ती नाही असा माणूसच नसतो, कारण तिथल्या रजया कुणी रोज धूत नाही. आपलं अंग आणि ती रजई यांच्यामध्ये आपली पिशवी हवी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे लहानपणापासून ऐकलं होतं. अंथरूणच घरून न्यायचं हे नवीन.

आईच्या दोन जुन्या पाचवारी साड्या होत्या, मालेगावच्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. गोधडीसाठी ठेवल्या होत्या, ती काही होत नव्हती. साडी मधोमध दुमडली, दोन्ही काठांवरून टीप मारली, की झाली पिशवी. मोजमाप काही करावंच लागलं नाही. पाचवारीची अर्धी लांबी म्हणजे एक माणूस आणि वर उशीपुरतं कापड. एक मोरपंखी, एक विटकरी. दोन्हींची घडी मिळून माझ्या पर्सएवढी.

व्हिसाच्या कागदपत्रांत नॉर्वेची एक अट आहे: पाहुण्यानं दिवसाला ५०० क्रोनर तरी खर्चायची ऐपत दाखवायची. एक क्रोनर म्हणजे तेव्हा साधारण आठ रुपये. चार हजार रुपये रोज! मी पासबुकाकडे बघितलं, मग हॉटेलचे दर बघितले. ओस्लोत बऱ्यापैकी हॉटेलातली दोघींची खोली दीड हजार क्रोनरच्या आसपास. म्हणजे सरकारनं ठरवलेल्या ऐपतीत दोघींनी उपाशी राहिलं तरी हॉटेलची खोली परवडत नाही. लेक बर्गनला चार जणांत मिळून घेतलेल्या घरात राहते. तिच्या खोलीत तिची खुर्ची सरकवल्याशिवाय दार उघडत नाही. तिथं दोन रात्री जमिनीवर काढता येतील, सगळ्या नाही. तेव्हा बाकीच्या रात्रींचा हिशेब आम्ही फोनवरच मांडला. एक रात्र ओस्लोच्या हॉस्टेलात, दोन डोंगरात, तीन फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीकाठच्या, कॅम्पिंगमधल्या लाकडी खोलीत, आणि परतीची एक रात्र ओस्लोच्या गाडीत, बसूनच. आगगाडीतली रात्र ही आपल्याकडची जुनीच युक्ती. तिकडेही चालते.

हॉस्टेल म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर कॉलेजचं वसतिगृह आलं होतं, पोरापोरींचा गलका. खोलीत सहा खाटा, दुमजली. माझ्या खालच्या खाटेवर सत्तरीच्या घरातली एक जर्मन बाई सायकलचं हेल्मेट उशाला घेऊन झोपली होती. नॉर्वेतली हॉस्टेलं सगळ्यांची आहेत. लहान मुलांना घेऊन आलेली कुटुंबं असतात, कामासाठी आलेले सुतार असतात. तिथल्या जुन्या शब्दाचा अर्थच 'पायी फिरणाऱ्यांचं घर' असा आहे, तरुणांचा त्यात उल्लेखही नाही. वरच्या खाटेवर चढताना गुडघ्यानं कुरकुर केली, एवढंच.

खरा मामला स्वयंपाकघरात. तिथं प्रत्येकाची पिशवी फ्रिजमध्ये, त्यावर नाव आणि निघायची तारीख. एका फळीवर, जाताना लोक ज्या वस्तू मागे ठेवून जातात त्या: अर्धा मिठाचा पुडा, दोन बटाटे, तळाशी उरलेलं तेल, कुणाची तरी लाल मसूर डाळ. ती डाळ बघून मला भरून आलं. लगेच शिजवलीही. फोडणी मात्र लेकीनं करू दिली नाही. "वर बघ," म्हणाली. वर धुराचा भोंगा. तो वाजला तर सगळी इमारत रस्त्यावर येते आणि आग नसताना बंब आला तर त्याचं बिल येऊ शकतं. बिनफोडणीचं वरण, त्यात मेतकूट कालवून, ओस्लोत. शेजारी एक मुलगा टोमॅटो सॉसमधल्या मॅकरेलचा डबा पावावर ओतत होता. त्यानं माझ्या ताटलीकडे आणि मी त्याच्या ताटलीकडे सारख्याच दयेनं पाहिलं.

जेवणाबद्दल फार लिहीत नाही. एवढंच सांगते की तिथं स्वस्त राहणं म्हणजे चूल मिळणं. बाहेर साधं जेवायचं तर दोघींच्या एका वेळच्या पैशांत हॉस्टेलची एक खाट येते. किवी, रेमा १००० असली किराणा दुकानं, त्यांतला सगळ्यात साध्या वेष्टनातला माल, नळाचं पाणी, आणि रविवारी बहुतेक दुकानं बंद हे विसरायचं नाही. आम्ही विसरलो. त्या रविवारी थालीपिठं झाली. घरून नेलेल्या बुडसपाट तव्यानं इंडक्शनवर लाज राखली. तिथले लोक दुपारी 'मातपाके' खातात, म्हणजे सकाळी कागदात गुंडाळून घेतलेला पावाचा डबा. मंत्र्यापासून मिस्त्रीपर्यंत सगळे. थालीपीठ हा त्याहून कितीतरी सरस मातपाके आहे, हे मी कुणालाही पटवून द्यायला तयार आहे.

सकाळी निघताना दारामागे एक कागद दिसला. चादर काढा, उशीचा अभ्रा काढा, खाली टोपलीत टाका, कचरा वेगवेगळ्या डब्यांत. आमच्या तर पिशव्याच होत्या, काढायचं काही नव्हतं. तरी मी सवयीनं रजई झटकली, गादी सरळ केली. आणि तेव्हा मनात आलं की आत्तापर्यंत आपण कुठल्याही लॉजवर हे केलेलं नाही. घरी करतो, पाहुण्यांकडे करतो. लॉजवर? ओला टॉवेल खुर्चीवर टाकून निघतो.

आपल्याकडे स्वस्त लॉज म्हटलं की काय असतं? खोली कोंदट, पंखा खडखडणारा, पण बेल दाबली की पोऱ्या येतो. गरम पाण्याची बादली आणतो, चहा आणतो, रात्री दहाला कोपऱ्यावरून बिसलेरी आणून देतो. शंभर रुपये कमी असलेल्या लॉजवर पोरं जास्त असतात, कमी नाही. आपला स्वस्तपणा त्या पोराच्या पगारातून येतो. नॉर्वेत माणसाचा तास महाग आहे. झाडणाऱ्या बाईचा तास आणि माझ्या लेकीच्या ऑफिसातला तास यांत आपल्याएवढी दरी नाही. तेव्हा तिथं एखादी गोष्ट स्वस्त करायची तर एकच मार्ग: तिच्यातून माणूस काढून घ्यायचा आणि त्याचं काम गिऱ्हाइकाला द्यायचं. चादर तू आण, भांडी तू घास, फरशी तू पूस. मग खाट घे तुझ्या पैशात. कॅम्पिंगच्या लाकडी खोल्यांत तर हे उघडच लिहिलेलं असतं. निघताना स्वच्छ करून जा, नाहीतर सफाईचे इतके क्रोनर. आम्ही दोघींनी अर्ध्या तासात ती खोली पुसली आणि ते पैसे वाचवले. बाथरूम लांब, दोन दुमजली खाटा, दोन चुलींची शेगडी, पायरीवर बसलं की समोर फ्योर्डचं पाणी. तीन रात्री पाऊस पडला. बर्गनच्या बाजूला तो पडतोच, त्याचं तिथं कुणी काही बोलत नाही. त्या तीन रात्रींबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे.

डोंगरातल्या दोन रात्रींबद्दल मात्र मला फुरसतीनं लिहायचंय.

ओस्लोहून बर्गनला जाणारी रेल्वे १९०९ साली सुरू झाली. तिच्यावर मध्ये फिन्से नावाचं स्टेशन लागतं, समुद्रसपाटीपासून १२२२ मीटरवर. नॉर्वेच्या रेल्वेतलं सगळ्यात उंच स्टेशन. तिथं मोटारीचा रस्ता पोचत नाही. गाडीतून उतरलं की समोर तळं आणि पलीकडे हार्डंगरयोकुलेन नावाची हिमनदी, डोंगरावर पांढरी घोंगडी टाकल्यासारखी. ऑगस्ट महिना असून मी स्वेटरवर स्वेटर घातला. फलाटावर सायकलवाल्यांची झुंबड होती. रेल्वे बांधताना मजुरांसाठी आणि सामानासाठी जो रस्ता केला, तोच आता सायकलचा आणि पायवाटेचा झालाय. त्याचं नाव रालारवेगन. 'रालार' म्हणजे रेल्वेचे मजूर, बिगारी. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत काम करायचं आणि थंडीत बोगद्यांत शिरायचं, असं करत त्यांनी ती लाइन नेली. आपल्या बोरघाटातल्या रेल्वेच्या मजुरांची आठवण झाली. त्यांच्या नावाचा रस्ता आहे का कुठं?

पहिली रात्र फिन्सेच्या मोठ्या झोपडीत. तिला झोपडी म्हणणं चूक आहे, शंभराहून जास्त माणसं झोपतात. पण ते लोक सगळ्यालाच 'हित्ते' म्हणतात, झोपडी. राजाचीही हित्तेच असते. ही झोपडी डीएनटीची, म्हणजे नॉर्वेच्या पदभ्रमण संघाची. २१ जानेवारी १८६८ रोजी थोमास हेफ्त्ये नावाच्या एका सावकारानं, बँकवाल्यानं, हा संघ काढला. उद्देश काय? देशात जे भव्य आणि सुंदर आहे ते लोकांना सहज आणि स्वस्तात पाहता यावं. 'स्वस्तात' हा शब्द मूळ उद्देशातच आहे, आणि तो एका सावकाराच्या तोंडचा, याची मला फार गंमत वाटली. त्याच वर्षी र्युकानच्या धबधब्याजवळ क्रोकान इथं त्यांनी पहिली झोपडी घेतली. आज साडेपाचशेच्या वर झोपड्या आहेत आणि बावीस हजार किलोमीटरच्या आसपास आखलेल्या वाटा, दगडांवर लाल रंगात 'टी' काढलेल्या.

झोपड्या तीन जातींच्या. पहिलीत माणसं असतात, ती रांधून वाढतात, ती महाग. दुसरीत माणूस नाही, पण कोठीत शिधा भरलेला. तिसरीत शिधाही नाही, फक्त छप्पर, खाटा, चूल आणि सरपण. बंद असल्या तर दुसरी-तिसरीची कुलपं बहुतेक ठिकाणी एकाच किल्लीनं उघडतात. सभासद झालं आणि अनामत भरली की ती किल्ली मिळते. लेकीची किल्ली तिच्या गळ्यात होती. साधी, पितळी, तुळशीबागेत दहा रुपयांत मिळणाऱ्या कुलपाची असावी तशी. एक किल्ली, शेकडो दारं. मी दोनतीनदा तिच्याकडून मागून घेऊन बघितली.

दुसऱ्या दिवशी एकवीस किलोमीटर चाललो, फिन्से ते हालिंगस्काइड. वाटेत १३४३ मीटरवर रस्त्याचा माथा आहे. तिथं ऑगस्टातही कडेला मळका बर्फ होता आणि तळ्यात त्याचे तुकडे तरंगत होते. चढ फार नाही. कळसूबाईला एका तासात जेवढा दम लागतो तेवढा इथं दिवसभरात लागला नाही. पण वारा! बोलायला तोंड उघडलं की शब्द मागे जायचे. साडेसात तासांनी हालिंगस्काइड आलं. स्टेशन आहे, पण दिसत नाही. बर्फापासून वाचवायला सगळं छपराखाली झाकलंय, डोंगराच्या कुशीतली एक लांब पेटी. तिथंही मोटार नाही. जवळच झोपडी.

लेकीनं किल्ली फिरवली आणि दार उघडलं. आत कुणी नाही. चूल थंड. टेबलावर वही.

मी सह्याद्रीत बरीच भटकलेय. हरिश्चंद्रगडाच्या गुहेत झोपलेय, राजगडावर पद्मावतीच्या देवळात झोपलेय. तिथंही कुणी नसतं आणि दार नसतंच. पण तिथं आधीच्या माणसाच्या खुणा म्हणजे काळं पडलेलं छत आणि कोपऱ्यातल्या बाटल्या. इथं आधीचा माणूस काय ठेवून गेला होता? चुलीशेजारी फोडलेली लाकडं, वर बारीक ढलप्या, त्यावर काडेपेटी, एक काडी अर्धी बाहेर काढलेली. बाहेरून गारठून आलेल्या माणसाची बोटं वळत नाहीत, म्हणून. मी ती काडी बराच वेळ बघत राहिले. लेक म्हणाली, "आई, पेटव ना."

मग कामं. पाणी बाहेरून बादलीनं आणायचं. भांडी घासायची ती त्याच पाण्यात, काटकसरीनं. लाकडं जाळाल तेवढी फोडून ठेवायची. शेतावर वाढलेली असल्यानं कुऱ्हाड मला नवी नाही. लेकीला ती नीट धरताही येत नव्हती. दोन मास्टर डिग्र्या घेतलेली मुलगी सरपण फोडताना बघून मी हसू दाबलं. तिनं ते बघितलं.

कोठी पाहिली तेव्हा मात्र माझ्यातली कारकून जागी झाली. एकतीस वर्षं शाळेच्या ऑफिसात साठा-नोंदवही सांभाळलीय. फळ्यांवर डबे, कोरडी सुपं, ओट्स, पास्ता, कॉफी, कुरकुरीत चपट्या पावांचे पुडे. भिंतीवर दरपत्रक. शेजारी फॉर्म आणि पेन. काय घेतलं ते आपण लिहायचं, रात्रीचं भाडं लिहायचं, बेरीज करायची, कार्डाचा नंबर घालून पेटीत टाकायचं. आता फोनवरूनही भरता येतं, पण रेंज असेल तर. एवढ्या मालाला कुलूप नाही, कॅमेरा नाही, मोजायला कुणी नाही. मी मनात डबे मोजू लागले. "आई, काय करतेस?" "काही नाही." छत्तीसपर्यंत मोजले होते.

हे सगळं चालतं कसं, हे मी दोन दिवस लेकीला विचारत होते. ती म्हणाली, लोक प्रामाणिक आहेत. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. किल्ली सभासदाच्या नावावर दिलेली आहे. वहीत नाव, कुठून आलो, कुठं चाललो हे लिहायचं असतं. वाट चुकलेल्याला शोधायला ते लागतं, तसंच ते थोडं डोळा ठेवण्याचंही काम करतं. इथवर येणारा माणूस बहुतेक चालत आलेला असतो, आणि वीस किलोमीटर चालून सुपाचं पाकीट चोरायला कोण येईल? शिवाय या झोपड्या दुरुस्त करतात, वाटांवरचे टी रंगवतात ते बरेचसे सभासदच, बिनपगारी. या सामुदायिक कामाला 'दुग्नाद' म्हणतात. २००४ साली टीव्हीवरच्या एका कार्यक्रमात लोकांनी त्याला नॉर्वेचा राष्ट्रीय शब्द म्हणून निवडलं होतं. सोसायटीच्या अंगणापासून शाळेच्या बँडपर्यंत सगळं दुग्नादवर चालतं, आणि न येणाऱ्याकडे शेजारी कसे बघतात ते लेक साभिनय सांगते. आमच्या गावाकडे इर्जिक होती. एकाच्या रानात सगळ्यांचे बैल, संध्याकाळी त्याच्याकडे जेवण. माझ्या आजोबांनंतर ती मी पाहिली नाही. ट्रॅक्टर आला. ज्यानं स्वतः पत्रा ठोकलाय तो त्या झोपडीत चोरी करणार नाही, हे मला प्रामाणिकपणापेक्षा जास्त पटतं.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे माणसं कमी. नॉर्वेत कुणालाही, परदेशी माणसालाही, मोकळ्या रानात तंबू ठोकायचा हक्क आहे. १९५७ च्या कायद्यानं तो लिहून ठेवला. घरापासून १५० मीटर लांब राहायचं, एका जागी दोन रात्रींहून जास्त राहायचं तर मालकाला विचारायचं, १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात किंवा जंगलालगत शेकोटी करायची नाही. एवढं पाळलं तर निजायला जागा फुकट, साऱ्या देशात. जगात इतकं स्वस्त काही नसेल. पण उत्तरेतल्या लोफोतेन बेटांवर फोटो बघून इतके लोक गेले, की तिथं आता काही ठिकाणी तंबूला बंदी आहे. हक्क तोच, गर्दी वेगळी. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर शनिवारी रात्री जाऊन आलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

लोफोतेनचीच आणखी एक गोष्ट. तिथं पाण्यावर खांब रोवून बांधलेली लाल घरं असतात, रोरबू. 'रो' म्हणजे वल्हवणं, 'बू' म्हणजे राहायची जागा. हिवाळ्यात कॉड पकडायला दुरून वल्हवत येणारे कोळी रात्री उलट्या केलेल्या होडीखाली झोपत. त्यांच्यासाठी ११२० च्या सुमारास ओयस्टाइन राजानं तिथल्याच वोगानला अशी घरं बांधवली असं सांगतात. ओल्या कपड्यांनी, माशाच्या वासानं भरलेली, एकाला एक चिकटून झोपणाऱ्या गरिबांची. लेकीनं फोनवर त्याचं आजचं भाडं दाखवलं. आम्ही गेलो नाही.

तर हालिंगस्काइडला, संध्याकाळी सातच्या सुमारास, एक म्हातारं जोडपं आलं. दोघं पंचाहत्तरीच्या आसपासचे, बर्गनचे. आल्या आल्या बाईनं बूट काढले आणि पाण्याची बादली उचलली. बसा, चहा घ्या असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती. पण कुणाचं घर आणि कुणाचा चहा? ती माझी पाहुणी नव्हती, मी तिची नव्हते. घराला यजमानच नव्हता. शेवटी मी थालीपीठ पुढे केलं. तिनं आपल्या पिशवीतून तपकिरी, गोडसर चीज काढलं, ब्रुनोस्त. किसणीसारख्या चपट्या सुरीनं त्याच्या पातळ चकत्या काढून थालीपिठावर ठेवल्या. सांगते, वाईट लागत नाही. खरवस जरा करपला तर कसा लागेल, तसं.

झोपताना तिनं माझी मोरपंखी पिशवी बघितली. काठाला हात लावला आणि खुणेनं विचारलं, हे काय? लेकीनं सांगितलं, आजीची साडी. मग तिनं स्वतःची दाखवली. पांढरी, कडेला निळी भरतकामाची रेघ. तिच्या आईच्या रुखवतातल्या चादरीची होती.

रात्री मला झोप लागेना. वाऱ्याचा आवाज होताच, पण खरं कारण दोन बिस्किटं होती. कोठीत एक उघडा पुडा होता, त्यातली मी दोन खाल्ली होती, लाकडं फोडून आल्यावर, कुणी नसताना. फॉर्मवर लिहिलं नव्हतं. दोन बिस्किटांचं काय लिहायचं? आणि एकतीस वर्षं ज्या बाईनं शिपायाला एका खडूचा हिशेब विचारला, ती उत्तर न देता कूस बदलत होती. पहाटे उठून, टॉर्च तोंडात धरून, मी फॉर्मवर लिहिलं: बिस्किटं, पुडा, एक. बेरीज बदलली. मग झोपले.

सकाळी लेक फॉर्म बघून म्हणाली, "हे काय? कुठला पुडा?" सांगितलं. ती हसत सुटली. उघडा पुडा म्हणजे आधी कुणीतरी विकत घेऊन, उरलेला पुढच्यांसाठी ठेवून गेलेला. त्याचे पैसे केव्हाच भरले होते. आता दुसऱ्यांदा भरले गेले. तिला ते खोडायचं होतं, मी खोडू दिलं नाही.

निघण्याआधी भिंतीवरच्या यादीप्रमाणे सगळं केलं. राख बाहेरच्या डब्यात, बादल्या पालथ्या, खिडक्या बंद, जमीन झाडून ओल्या फडक्यानं पुसली. मी पुसली. माझं पुसणं गावात प्रसिद्ध आहे. म्हाताऱ्यानं येऊन बघितलं, हसून मान हलवली, आणि फडकं घेऊन चुलीमागचा कोपरा पुन्हा पुसला. एक शब्द बोलला नाही. मी दिवसभर त्या कोपऱ्याचा विचार करत होते. मग ढलप्या रचायचं काम माझ्याकडे आलं. रचल्या, वर काडेपेटी ठेवली आणि एक काडी अर्धी बाहेर काढून ठेवली.

परत आल्यावर दीड महिन्यानं भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले. कार्यालयाजवळच्या एका लॉजवर उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी लवकर निघायचं होतं म्हणून पहाटे उठले, आणि हात आपोआप चालू झाले. चादर काढली, अभ्रे काढले, घडी करून खुर्चीवर ठेवले. कचरा एका पिशवीत. कोपऱ्यात झाडू दिसला, तोही फिरवला. तेवढ्यात पोऱ्या गरम पाण्याची बादली घेऊन आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. उघडी गादी बघून तो दारातच थबकला. बादली खाली ठेवली, चादरीची घडी उलगडून दोन्ही बाजूंनी पाहिली, डाग शोधत.

"मावशी, काय खराब होतं का? बदलून दिलं असतं की. शेटला सांगू नका."